क्रियापद कोणाचं ऐकतं?

तुर्की वाक्य पाहा: 'बेन एल्मा येदिम', म्हणजे मी सफरचंद खाल्लं. मराठीसारखंच आधी कर्म, शेवटी क्रियापद. 'येदिम'मधला शेवटचा 'म' म्हणजेच 'मी', म्हणून 'बेन' गाळलं तरी चालतं. तुर्कीत लिंग नाही. काहीही खा, 'येदिम'च.

आपल्याकडे तसं नाही. मी लाडू खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं. दादा असो की ताई, इथं क्रियापद कर्माचं ऐकतं. अमेरिकेत दिवसभर 'एट' ऐकल्यावर 'मी पोळी खाल्लो' तोंडात येणारच. व्हिडिओ कॉलवर आजी हसेल. (बेळगावकडची कदाचित हसणार नाही, तिकडे असंही बोलतात!)

मात्र 'प्यायलो' बरोबर! दादा दूध प्यायला, ताई दूध प्यायली.

आता भरा:
मी चित्र ____. (काढणे)
मी गोष्ट ____. (ऐकणे)