भर समुद्रातलं उसाचं गाव : मिनामी दाइतो



लागण, खोडवा, खत-पाणी याविषयी आम्ही नेहमीच लिहितो. या खेपेस जपानमधल्या एका उसाच्या गावाची ओळख करून देतो.

ओकिनावा बेटाच्या पूर्वेस सुमारे ३६० किलोमीटरवर मिनामी दाइतो हे बेट आहे. क्षेत्र सुमारे ३० चौरस किलोमीटर, वस्ती तेराशेच्या आसपास. मधोमध झाइशो ही मुख्य वस्ती. तिच्या भोवती किता म्हणजे उत्तर, मिनामी म्हणजे दक्षिण, क्यूतो म्हणजे जुनी पूर्व, शिंतो म्हणजे नवी पूर्व आणि तळ्यांकाठची इकेनोसावा अशा वाड्या. जिकडे बघावं तिकडे ऊसच!

बेटाचा आकार परातीसारखा, कडा उंच आणि मध्ये खोलगट. नदी एकही नाही. म्हणून पावसाचं पाणी तलावात साठवून ठिबकनं देतात. वादळानं ऊस आडवा होतो, तोडणी यंत्रानं होते. १९८३ पर्यंत ऊस कारखान्याकडे छोट्या रेल्वेनं जात असे.

पण खरी सांगण्यासारखी गोष्ट जमिनीची. १९०० साली तामाओकी हानएमोन यांच्या पुढाकारानं हाचिजो बेटावरची २३ माणसं इथं उतरली. रान तोडून त्यांनी ऊस लावला. तीस वर्षं कसाल तर जमीन तुमची, असा शब्द मिळाला होता, असं शेतकऱ्यांचं म्हणणं. पुढे कंपन्या बदलल्या, जमीन मात्र कंपनीच्याच नावावर राहिली. दुसरं महायुद्ध संपेपर्यंत तिथं ग्रामपंचायतसुद्धा नव्हती. शाळा कंपनीची, दुकान कंपनीचं, व्यवहाराच्या चिठ्ठ्याही कंपनीच्याच. मालक तीच, गिऱ्हाईक तीच. मग शेतकऱ्यानं दाद मागायची कुणाकडं?

युद्धानंतर गावाला स्वतःचा कारभार मिळाला आणि शेतकऱ्यांनी एकजुटीनं जमिनीची मागणी लावून धरली. अखेर १९६४ साली जमीन कसणाऱ्यांच्या नावावर झाली. पहिलं पाऊल पडल्यापासून चौसष्ट वर्षं लागली! रान तोडणाऱ्यांपैकी कितीकजण तो दिवस बघायला उरले नव्हते.

बंधूंनो, आपला कारखाना आपल्याच भागांवर उभा आहे, हे किती मोलाचं आहे ते यावरून ध्यानात येईल. तेव्हा दोन कामं आजच करा. वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर आणि भागाच्या दाखल्यावर वारसनोंद झाली आहे का, ते बघा. वाट्यानं जमीन घेतली-दिली असेल तर करार लिहून ठेवा. तोंडचा शब्द माणसाबरोबर जातो, कागद मागं राहतो.

— ऊस विकास विभाग