दहा मिलिग्रॅमची गोळी आणि नागपूरचा मे

नागीण बरी झाली, पण जाताना बरगडीखाली आग ठेवून गेली. फोड सुकले, खपल्या पडल्या, तरी सदरा नुसता घासला की जीव कळवळायचा. सीताबर्डीच्या मेन रोडवर माझं साड्यांचं छोटं दुकान आहे. दिवसभर कापडात हात घालणाऱ्या माणसाला अंगावरचं कापडच सोसेना, म्हणजे बघा. धंतोलीतल्या डॉक्टरांनी रात्री घ्यायला एक बारीकशी गोळी लिहून दिली, अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम. मुलीनं मोबाइलवर नाव टाकलं आणि घरात शांतता पसरली. बायको म्हणाली, "अहो, ही तर डिप्रेशनची गोळी. तुम्हाला काय पागलखान्यात धाडायचं आहे का त्यांना?"

आमच्या नागपुरात १८६४ सालचं मनोरुग्णालय आहे आणि तिथल्या चौकाला लोक अजून पागलखाना चौकच म्हणतात. त्यामुळे मनाच्या औषधाची धास्ती इथे जरा जास्तच. पुष्कळ लोक ही गोळी नाव वाचूनच बंद करतात. ज्यांना ती खरोखर उदासीसाठी दिलेली असते तेही आणि माझ्यासारखे दुखण्यावाले तर हमखास. औषध मात्र एकच आहे. तीन कड्यांच्या रचनेची ही जुनी औषधं, ट्रायसायक्लिक म्हणतात त्यांना. त्यांतल्या पहिल्याचा, इमिप्रामिनचा, उदासीवरचा गुण रोलांड कून नावाच्या स्विस डॉक्टरांनी १९५७ साली जगापुढे मांडला. अमिट्रिप्टिलिन १९६१ पासून बाजारात आहे. नसांच्या दुखण्याला १० ते २५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात, नैराश्याला बहुधा ७५ किंवा त्याहून अधिक लागतं. गुण दोन्हीकडे सावकाश येतो. दोन ते चार आठवडे धीर धरावा लागतो आणि कोरडं तोंड, झापड वगैरे त्रास मात्र पहिल्या रात्रीपासून हजर. या उलट्या क्रमामुळेच माणूस वैतागून गोळी सोडतो.

दुखणं हळूहळू निवलं, हे आधी सांगतो, कारण पुढचं वाचून कोणी घाबरून गोळी टाकून देऊ नये. गोळी चांगलीच आहे. पण आपण तिला 'दहाचीच तर आहे' म्हणून चिल्लर समजतो. तिचं काम फक्त नसांवर होत नाही. शरीरात ॲसिटिलकोलीन नावाचं एक द्रव्य असतं. लाळ सुटणं, आतडी हलणं, लघवीची पिशवी आवळणं, घाम फुटणं ही सगळी कामं त्याच्या हुकुमानं चालतात आणि ही गोळी त्या हुकुमाच्या आड येते. म्हणून तोंड कोरडं, पोट साफ नाही, लघवी अडखळत. हे तीन त्रास डॉक्टर सांगतात. चौथा, घामाचा, फारसं कोणी सांगत नाही. पुण्यात किंवा महाबळेश्वरात तो न सांगितला तरी बहुधा चालून जाईल. नागपुरात नाही.

२३ मे २०१३ ला नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. दरवर्षी तितका जात नाही, पण पंचेचाळीस ओलांडणं आम्हाला नवीन नाही आणि नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की दुपारी बर्डीवरसुद्धा माणूस दिसत नाही. माझी गोळी सुरू झाल्यानंतरचा मे आला तोवर ती दहावरून पंचवीसवर गेली होती. लग्नसराईचे दिवस, त्यात दुकानातला कूलर बिघडलेला. मी गठ्ठे उतरवून घेत उभा होतो. दुकानातला पोरगा माझ्याकडे टक लावून बघत म्हणाला, "काकाजी, आमी सारे घामानं ओलेचिंब होऊन राहिलो, अन् तुमचा सदरा कोरडा कसा?"

मला वाटलं, बरंच आहे. डोकं जड होतं, पण उन्हाळ्यात कोणाचं नसतं? पाणी तर सारखं पीत होतो. थोड्या वेळानं गिऱ्हाइकाला साडीचा भाव सांगताना आकडाच आठवेना. पोरानं हात धरला, तर अंग तापलेल्या तव्यासारखं. त्यानं मला आतल्या गल्लीत सावलीत बसवलं, दुकानातल्याच एका सुती साडीचं टोक बादलीत बुडवून मानेवर, छातीवर टाकलं आणि पुठ्ठ्यानं वारा घालत राहिला. रिक्षा येईपर्यंत मला बरंच हुशार वाटायला लागलं होतं. डॉक्टरांच्या मते ही उष्माघाताची सुरुवात होती. त्यांनी नंतर गोळी कमी केली.

त्या पोरानं नकळत अगदी योग्य केलं. आपण समजतो, पाणी प्यालं की ऊन लागत नाही. पण पाणी पोटात जाऊन थंडावा येत नाही, ते घाम होऊन कातडीवर येतं, तिथून वाळतं, तेव्हा अंग थंड होतं. ही गोळी मधलीच पायरी काढून घेते. मग घाम बाहेरून द्यायचा, म्हणजे अंगावर ओलं कापड आणि वर वारा. आमचा मे कोरडा असतो, कापड भराभर वाळतं आणि त्याच वेगानं अंग निवतं. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवण्याला माझी हरकत नाही. फक्त त्यानं घाम फुटत नाही एवढं लक्षात ठेवा.

ज्यांची ही गोळी चालू आहे त्यांनी मार्च संपायच्या आत डॉक्टरांना जाऊन विचारावं, उन्हाळ्यात हाच डोस ठेवायचा का. आपल्या मनानं कमी करू नये. दुपारी बारा ते चार उन्हातलं काम टाळता आलं तर टाळावं. ज्यांना टाळता येत नाही, हातगाडीवाले, बांधकामावरचे, ट्रॅफिकचे पोलीस, त्यांनी तर डॉक्टरांना आपलं काम काय आहे ते आवर्जून सांगावं, कारण केबिनमधल्या एसीत बसून ते सुचत नाही. अंग तापलं आहे पण कोरडं आहे, बोलणं असंबद्ध होतंय, चालताना तोल जातोय असं दिसलं की सावलीत न्या, ओलं करा, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. भान नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. काही लोकांना या गोळीनं उलट जास्त घाम येतो. तेही सांगायचं, लपवायचं नाही.

दुसरी गोष्ट माझ्या थोरल्या भावाची. दादाला पंचवीस वर्षांचा मधुमेह, तळपायांची आग. त्याच्या कॅप्सूलवर प्रेगाबालिन आणि नॉरट्रिप्टिलिन अशी दोन नावं होती. हे दुसरं नाव म्हणजे माझ्याच गोळीचं भावंड, हे आम्हाला दोघांनाही ठाऊक नव्हतं. होळीच्या सुमारास त्याला सर्दी झाली. मोहल्ल्यातल्या डॉक्टरांनी सर्दीची साधी गोळी दिली, कुठेही मिळते तशी. रात्री दादाची लघवी तुंबली. प्रोस्टेट थोडी वाढलेली होतीच. पहाटेपर्यंत माणूस नुसता येरझारा घालत होता, ओटीपोट दगडासारखं. दवाखान्यात नळी घातल्यावर सुटका झाली. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सर्दीची पट्टी उलटी करून वाचून दाखवली. त्यात क्लोरफेनिरामिन, म्हणजे वाळवणारं आणखी एक औषध, आणि फेनिलेफ्रिन, म्हणजे मूत्राशयाचं तोंड आवळणारं. वरून नॉरट्रिप्टिलिन. तिघांनी मिळून दार लावून घेतलं. बाई म्हणाल्या, "आजोबा, सर्दीच्या डॉक्टरांना पायाची गोळी सांगितली होती का?" दादा म्हणाला, "सर्दीला गेलो होतो बाई, पायाचं कशाला सांगू?"

दादाचं चुकलं असं मला वाटत नाही. आपल्याकडे माणूस दुखणं घेऊन जातो, यादी घेऊन जात नाही आणि समोरचाही विचारत नाही. हाडांचे डॉक्टर एक लिहितात, नसांचे दुसरे, फॅमिली डॉक्टर तिसरं आणि या सगळ्या चिठ्ठ्या एकत्र येतात त्या फक्त रुग्णाच्या पोटात. म्हणून आता आमच्या घरात प्रत्येकाच्या पाकिटात गोळ्यांची नावं लिहिलेला कागद असतो. दाताच्या डॉक्टरकडे जातानाही तो सोबत हवा. ट्रामाडॉल हे दुखण्यावरचं औषध, फ्लुओक्सेटिनसारखी नैराश्यावरची नवी औषधं, नायट्यासाठीचं टर्बिनाफिनसुद्धा या गोळीशी नीट जुळत नाही. कोणी तिचं प्रमाण रक्तात वाढवतं, कोणी झटक्यांचा धोका. दारू नकोच. महाशिवरात्रीची आणि होळीची भांगेची ठंडाईही नको. भांग आणि ही गोळी एकत्र आल्यावर छातीतली धडधड भलतीच वाढलेली डॉक्टरांनी पाहिली आहे.

काचबिंदू, नुकताच येऊन गेलेला हार्ट अटॅक, हृदयाच्या ठोक्यांचा दोष, फिट्स, वाढलेली प्रोस्टेट, यांतलं काही असेल तर पहिली गोळी घेण्याआधीच सांगायचं. वय झालेल्यांचा आधी ईसीजी काढून घेतात. नाही काढला तर आपण विचारावं, त्यात डॉक्टरांचा अपमान नाही. घेताना डोळा लाल होऊन ठणकू लागला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली, तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठायचे.

रोजच्या बारीकसारीक गोष्टी मी अनुभवानं शिकलो. गोळी अकराला घेतली की सकाळी झापड उरते आणि झापडीत व्हेरायटी चौकातून गाडी काढणं म्हणजे जिवाशी खेळ. आठ-नऊला घेतली की सकाळ मोकळी. रात्री उठताना आधी पलंगाच्या काठावर बसायचं, मग उभं राहायचं. या गोळीनं उभं राहताना रक्तदाब घसरतो, बीपीच्या गोळ्या चालू असल्या तर जास्तच. कोरड्या तोंडाला उसाचा रस आणि सरबतं हा उपाय नव्हे. लाळ नसलेल्या तोंडात साखर दात खाते. साध्या पाण्याचे घोट घ्यावेत, बडीशेप चघळावी. पोटाला इसबगोल. एखाद्या रात्री गोळी राहिली तर राहू द्यावी, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

औषधाच्या दुकानात पट्टी कापून देतात, तेव्हा नाव आणि मुदत असलेला तुकडा मागून घ्यावा. १०, २५ आणि ७५ च्या पट्ट्यांवर नाव एकच असतं, आकडा आपण वाचायचा.

आता एक अवघड गोष्ट. ही गोळी जास्त प्रमाणात पोटात गेली तर थेट हृदयावर घाव घालते आणि नव्या औषधांपेक्षा ती या बाबतीत फार घातक आहे. घरात नातवंडं असतील तर गोळी कुलपात हवी. टीव्हीवरच्या डब्यात नको. चुकून कोणी गिळली तर काही होतंय का याची वाट बघत बसू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात न्या, नागपुरात मेडिकल कॉलेज किंवा मेयो, जे जवळ असेल ते. आणि गोळी उदासीसाठी चालू असेल, तर घरच्यांपैकी एकानं ती आपल्या ताब्यात ठेवावी, डॉक्टरांकडून थोड्या थोड्या दिवसांचीच लिहून घ्यावी. पहिल्या काही आठवड्यांत, विशेषतः पंचविशीच्या आतल्या मुलामुलींमध्ये, अस्वस्थता आणि जीव नकोसा होण्याचे विचार वाढू शकतात. तसं बोलणं कानावर आलं तर टाळू नका, सरळ विचारा, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर रात्रंदिवस, मराठीतूनही मिळते. झोप उडाली, बडबड आणि खर्च अचानक वाढला, तर तेही कळवायचं. काहींचं मन या गोळीनं दुसऱ्या टोकाला जातं.

माझी गोळी आता बंद आहे. एकदम नाही केली. डॉक्टरांनी पायरी पायरीनं उतरवली. महिनोन्‌महिने घेतलेली गोळी एका दिवसात टाकली की मळमळ, डोकेदुखी, बेचैनी सुरू होते आणि माणसाला वाटतं आजारच उलटला. थोड्या गोळ्या उरल्या होत्या. शेजारच्या वहिनींनी मागितल्या. "भाऊजी, मला गुडघ्यानं झोप नाही लागत. तुम्हाला छान लागायची म्हणे." त्यांना दिवाळीच्या आधी हार्ट अटॅक येऊन गेला होता. मी नाही म्हणालो, त्यांना राग आला आणि आठवडाभर आमच्याकडे ताकाचं भांडं आलं नाही. मी गोळ्या पट्टीतून काढून चहाच्या चोथ्यात कालवल्या, पिशवीत घट्ट बांधल्या आणि कचऱ्याच्या गाडीत टाकल्या. वहिनींच्या मुलाला तेवढं सांगून ठेवलं की आईला गुडघ्यासाठी नेशील तेव्हा हृदयाची फाइल बरोबर ने.