गाडीची स्प्रिंग बदलताना

अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात आता पुष्कळ घरांपुढे चारचाकी उभी असते. कोणी ईको गाडीतून पाहुण्यांना काशीदच्या किनाऱ्यावर नेतो. कोणी जुन्या मारुतीतून मासळीच्या टोपल्या बाजाराला पोचवतो. गाडी बंद पडली की त्या दिवसाची कमाई बुडाली. म्हणून बरेच जण बारीकसारीक दुरुस्ती अंगणातच करतात. त्यात वाईट काही नाही. पण एका कामाला हात घालण्यापूर्वी हा धडा सावकाश वाचावा. ते काम म्हणजे पुढच्या चाकाची स्प्रिंग बदलणे.

आपल्या बैलगाडीला स्प्रिंग नसते. खड्डा आला की बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होतात. टांग्याला पाटे असतात. ट्रकच्या खालीही पाटेच असतात. छोट्या मोटारीला मात्र पुढे वेटोळ्यांची स्प्रिंग असते. तिच्या पोटातून शॉकअप जातो. दोन्ही मिळून एक खांब होतो. १९८३ साली मारुती ८०० निघाली, तिला पुढे असाच खांब होता. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांना तोच असतो.

आता नीट लक्ष द्या. हा खांब गाडीतून काढून जमिनीवर आडवा ठेवला, तरी आतली स्प्रिंग मोकळी नसते. ती दाबलेलीच असते. खांबाच्या डोक्यावर मधोमध एक नट असतो. त्याने तिला कोंडून ठेवलेले असते. स्प्रिंग आवळून न धरता तो नट कोणी सोडला, तर स्प्रिंग, वरची ताटली आणि नट, सगळे एकदम उडते.

किती जोराने उडते? इंग्लंडात रॉबर्ट हूक नावाचे शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी १६७८ साली हा नियम छापला. स्प्रिंग दुप्पट दाबा, ती दुप्पट जोराने उलट ढकलते. समजा, एक स्प्रिंग एक सेंटीमीटर दाबायला २० किलो भार लागतो. मग १५ सेंटीमीटर दाबायला ३०० किलो लागेल. म्हणजे पन्नास किलोची सहा पोती! ती एकाएकी सुटली, तर बावीस किलोचा धोंडा एक मीटर उंचीवरून अंगावर पडावा, एवढा मार बसतो. धोंडा पडताना निदान दिसतो तरी. स्प्रिंग सुटलेली दिसतही नाही. जबडा मोडतो, बोटे जातात, डोळा जातो.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. ती म्हणजे खारा वारा. स्प्रिंगेवर रंगाचा थर असतो. खड्ड्यातली खडी उडून तो थर टवकतो. तिथून गंज आत शिरतो. खालच्या वेटोळ्यापाशी चिखल नि वाळू साचून राहते, म्हणून स्प्रिंग बहुधा तिथेच तुटते. पावसाळ्यापूर्वी खालून पाणी मारावे आणि बॅटरी लावून तिथे बघावे. गाडी एका बाजूला कललेली दिसली, खड्ड्यात खणखण वाजली, तर शंका घ्यावी.

स्प्रिंग दाबायच्या हत्याराला स्प्रिंग कॉम्प्रेसर म्हणतात. हवा भरायचा कॉम्प्रेसर तो निराळा, बरं का. यात आटे पाडलेले दोन लांब बोल्ट असतात. प्रत्येकाला वर आकडे, खाली आकडे. बोल्ट पिळला की आकडे जवळ येतात आणि स्प्रिंग आवळली जाते. विकत किंवा उसने घ्या, पण आधी पारखून घ्या. आटे झिजलेले, आकडा वाकलेला किंवा चिरलेला असेल, तर ते हत्यार भंगारात टाका. दोरी, तार किंवा साखळी हे काम करू शकत नाही. "आम्ही नेहमी तसंच करतो" असे सांगणारे भेटतात. त्यांचे ऐकू नये.

गाडी सपाट जागी उभी करा. हँडब्रेक ओढा. मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. जॅकवर उचललेली गाडी लोखंडी स्टँडवर टेकवा. आपल्या कोकणात हाताशी जांभ्याचा चिरा असतो. तो गाडीखाली मुळीच लावू नका. घराच्या भिंतीला चिरा चांगला, पण एका जागी भार आला की तो फुटतो. खांब सोडवताना ब्रेक त्याच्या नळीवर लोंबकळू देऊ नका. तारेने वर बांधून ठेवा. मधल्या नटाला अजून हात लावायचा नाही.

खांब खाली आणला की तारेच्या ब्रशने स्प्रिंग घासा. आकडा जिथे बसणार, तिथे ग्रीस किंवा तेल नको, नाहीतर तो घसरेल. ग्रीस फक्त बोल्टच्या आट्यांना लावायचे. दोन कॉम्प्रेसर समोरासमोर लावा, एक इकडे तर दुसरा बरोबर पलीकडे. आकड्यांत जमतील तितकी वेटोळी धरा. आकड्याला अडकवायची खीळ असेल तर ती लावा. मग हातपान्याने एका बाजूचे दोन-तीन फेरे, लगेच दुसऱ्या बाजूचे तितकेच. एकच बाजू पिळत गेलात, तर स्प्रिंग धनुष्यासारखी वाकते आणि आकडा निसटतो. विजेवरचा किंवा हवेवरचा पाना इथे वापरू नये. त्यात हाताला अंदाज येत नाही.

या सगळ्या वेळात खांबाच्या डोक्यासमोर किंवा बुडासमोर तोंड नको, छातीही नको. बाजूला बसा. डोळ्यांना चष्मा लावा. पोरांना अंगणातून घालवा.

स्प्रिंग वरच्या ताटलीपासून सुटली आणि हाताने हलू लागली की थांबा. आणखी पिळायची गरज नाही. आता मधला नट सोडा. वरचे भाग ज्या क्रमाने निघतील, त्या क्रमाने गोणपाटावर मांडून ठेवा. जुनी स्प्रिंग दाबलेल्या स्थितीत टाकून जेवायला जाऊ नका. दोन्ही बाजू आळीपाळीने सोडून ती आधी मोकळी करा. नवी स्प्रिंगही तशीच दाबायची. तिचे टोक खालच्या ताटलीतल्या खाचेत बसले का, ते बघा. मधला नट पुरता घट्ट झाल्यावरच कॉम्प्रेसर ढिले करा.

स्प्रिंग तुटलेली असेल, तर आमचे मत असे की घरी खोलूच नये. तुटक्या वेटोळ्यांवर आकडे सरळ बसत नाहीत. अख्खा खांब काढून गॅरेजात न्या. तिथे स्प्रिंग दाबायचे मोठे यंत्र असेल, तर उत्तमच. काढण्या-घालण्याची मजुरी वाचते आणि जिवावरचे काम सवयीच्या हाताने होते. ज्यांच्याकडे चांगले कॉम्प्रेसर नाहीत, त्यांनीही हेच करावे.

स्प्रिंगा दोन्ही बाजूंच्या बदलाव्यात. एक नवी, एक दमलेली, अशाने गाडी कलते. थोडे अंतर चालवून सगळे नट पुन्हा तपासावेत. मग चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे, नाहीतर नवे टायर एका कडेने झिजू लागतील.