रक्तातला आकडा काय सांगतो?

गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाच्या पायांना फोड आले होते. ते बरे झाले आणि आम्ही विसरून गेलो. तीन आठवड्यांनी तो सकाळी उठला, तर डोळे सुजलेले! आजी म्हणाली, "जास्त झोपलाय, दुसरं काय?" पण त्याची लघवी कोऱ्या चहासारखी झाली. मग आईने त्याला दवाखान्यात नेले. मीपण गेलो.

डॉक्टरांनी रक्तदाब आणि लघवी तपासली. मूत्रपिंडाला सूज होती. आपल्याला दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकात सुमारे १० लाख बारीक गाळण्या असतात. त्या रक्त गाळतात आणि लघवी तयार होते.

स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू घशात किंवा कातडीत शिरतो. त्याच्याशी लढायला रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. जंतूचे अंश आणि प्रतिपिंडे गाळणीत अडकली, की ती सुजते. घसा दुखल्यावर हे १ ते २ आठवड्यांनी होते. फोडांनंतर ३ ते ६ आठवड्यांनी होते.

तोवर जंतू बहुधा गेलेला असतो. मग तो आला होता हे कसे ओळखायचे? आपल्या ओझरवरून विमान जाते. ते दिसेनासे झाले तरी आवाज घुमत राहतो. तशीच प्रतिपिंडे रक्तात मागे राहतात. ती मोजायची.

बाईंनी सांगितले, की टॉड नावाच्या शास्त्रज्ञाने १९३२ साली ती मोजून दाखवली. या जंतूचे एक विष रक्तातल्या तांबड्या पेशी फोडते. प्रतिपिंडे त्या विषाला अडवतात. रक्तातले पिवळसर पाणी वेगळे काढून पातळ करत जायचे. किती पातळ केले तरी विष अडते, त्यावरून आकडा ठरतो. हीच ए.एस.ओ. तपासणी. आता ती यंत्रावरही होते.

भावाचा हा आकडा वाढलेला नव्हता. आई म्हणाली, "म्हणजे फोडांमुळे नाही झालं?" डॉक्टर म्हणाले, "तसं नाही, ताई. कातडीतली चरबी ते विष निकामी करते. म्हणून फोडांनंतर हा आकडा पुष्कळदा वाढत नाही. दुसरी तपासणी करू." तिचे नाव अँटी-डीएनेज बी. तिचा आकडा मात्र खूप वाढलेला निघाला! तेव्हा कारण कळले.

पण मूत्रपिंड किती बिघडले, हे या आकड्यांवरून कळत नाही. त्यासाठी लघवी आणि रक्तदाब पुन्हा पुन्हा पाहतात. भावाला मीठ कमी आणि पाणी मोजून दिले. पापड-लोणचे बंद! तो रडायचा, म्हणून मीही लोणचे खाल्ले नाही. आता तो बरा आहे.

बहुतेक मुले बरी होतात. पण रक्तदाब फार वाढला, तर झटके येऊ शकतात. म्हणून घसादुखी आणि फोड अंगावर काढू नका. हातपाय साबणाने धुवा. आईवडिलांनो, मुलाचे तोंड सुजले किंवा लघवी लाल झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि आधी फोड आले होते, हे डॉक्टरांना सांगायला विसरू नका.

— इयत्ता ४ थी