बगीचा कुणाला विचारून करायचा?

प्रश्न : आमच्या वॉर्डातल्या बगीच्याचं नूतनीकरण होणार आहे. सभेत दोन-चार जणच बोलतात. सगळ्यांचं मत कसं घ्यावं? – एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : सभा जरूर घ्या, पण हॉलमध्ये नको, बगीच्यातच घ्या. आणि एकच नको. सकाळी सहाला फिरायला येणारे वेगळे, संध्याकाळी पोरांना घेऊन येणाऱ्या बाया वेगळ्या. पुरुषांसमोर त्या संडास आणि दिव्यांबद्दल बोलणार नाहीत. त्यांच्याशी वेगळं बसा.

मतदान मात्र टाळा. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) आठवा. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या या गावात निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात, आणि त्याआधी अभ्यासगटात विषयाचा कीस पाडला जातो. वॉर्ड म्हणजे गाव नव्हे, हे खरं. पण ‘नको’ म्हणणाऱ्याचं कारण वहीत लिहून पुढच्या बैठकीत पुन्हा काढणं आपल्यालाही जमेल.

तुम्हीही असा अभ्यासगट करा. त्याचं एक काम : खडूने झाडांवर आकडे घालून यादी करा. कडुनिंब, करंज, त्याखाली दुपारी कोण टेकतं, तेही लिहा. चंद्रपूरच्या मे महिन्यात सावली हीच पहिली सोय, कारंजं नंतर. बुंध्याला भिडवून पेव्हर ब्लॉक बसवू देऊ नका, मुळांना पाणी मिळत नाही. झाड तोडायचं असेल तर शहरी झाडांच्या संरक्षणाच्या 1975 च्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

हे सारं निविदा निघण्यापूर्वी. अंदाजपत्रक ठरल्यावर तुमच्या सूचना फक्त फाइलला लागतात.