टिकून राहिलेली सायटिक धमनी : स्टेंट-ग्राफ्टचा टिकाऊपणा

प्रौढांच्या पायातील धमनीविस्फारावर, म्हणजेच अॅन्यूरिझमवर, बालरोगतज्ज्ञाने लिहावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु येथे वर्णिलेल्या विकाराचे मूळ गर्भावस्थेत असल्याने तो आमच्याही अभ्यासाचा विषय आहे.

गर्भाच्या पायाला आरंभी रक्त पुरवते ती सायटिक धमनी. अंतर्गत इलियॅक धमनीपासून निघून ती नितंबातून मांडीच्या मागील बाजूने गुडघ्याकडे उतरते. फीमोरल धमनीची वाढ होताच, साधारणतः तिसऱ्या महिन्यापर्यंत, ती आक्रसून जाते. दर दहा हजारांतील मोजक्याच व्यक्तींमध्ये ती जन्मानंतरही टिकून राहते. ग्रीन यांनी १८३२ मध्ये तिचे प्रथम वर्णन केले.

विस्फार आणि निदान

बसताना या धमनीवर दाब पडतो आणि खुब्याच्या प्रत्येक हालचालीत ती ताणली जाते. त्यामुळे नितंबाच्या भागात तिला फुगवटा येतो. त्यात साकळलेल्या रक्ताची गुठळी पुढे सरकल्यास पावलाचा रक्तपुरवठा तुटतो. शेजारची सायटिक चेता दाबली गेल्यास दुखणे साध्या सायटिकासारखे भासते. नितंबावरील गाठ गळू समजून कापली गेली तर अनर्थ ओढवेल. म्हणून स्पंदन तपासल्याखेरीज चीर देऊ नये. जांघेतील नाडी लागत नाही, पण पावलातील लागते, ही खूण कौवी यांनी १९६० मध्ये नोंदवली. सीटी अँजिओग्राफीने निदान पक्के होते. दुसरा पायही तपासावा, कारण काही रुग्णांत हा दोष दोन्ही बाजूंस असतो.

उपचार

काही रुग्णांत फीमोरल धमनी अपुरी वाढलेली असून सायटिक धमनी हाच पायाचा मुख्य रक्तमार्ग असतो. अशा वेळी बायपास न करता ती बांधणे म्हणजे पाय गमावण्याचा धोका पत्करणे होय. नितंबातून शस्त्रक्रिया केल्यास सायटिक चेतेला इजा पोहोचू शकते. स्टेंट-ग्राफ्ट म्हणजे कृत्रिम पडद्याचे आवरण असलेली धातूची जाळीदार नळी. ती धमनीच्या आतूनच बसवली जात असल्याने हा धोका टळतो. मात्र गाठ जागेवरच राहते. त्यामुळे चेतेवरील दाब लगेच कमी होईलच असे नाही.

टिकाऊपणाचा प्रश्न

ज्या दाबाने आणि वाकण्याने विस्फार झाला, तोच दाब आणि तेच वाकणे नळीलाही सोसावे लागते. ती मोडू शकते, सरकू शकते किंवा गुठळीने बंद पडू शकते. हा विकार इतका विरळा आहे की अनुभव एकेका रुग्णाच्या आणि लहान गटांच्या नोंदींपुरताच मर्यादित आहे. तुलनेसाठी गुडघ्यामागील धमनीविस्फाराकडे पाहता येते. तेथेही सांध्याजवळ, विशेषतः दोन नळ्या एकमेकींवर बसवलेल्या जागी, मोडण्याच्या घटना आढळल्या आहेत. म्हणून तरुण व सुदृढ रुग्णात स्वतःच्या नीलेचा बायपास आजही प्रथम विचारात घेतला जातो. वयोवृद्ध किंवा शस्त्रक्रियेस धोक्याच्या रुग्णात स्टेंट-ग्राफ्टचे पारडे जड होते.

व्यवहारात काय करावे?

१. नळी बसली म्हणजे उपचार संपला, असे रुग्णाला सांगू नये. पहिल्या वर्षी ठरावीक अंतराने आणि पुढे दरवर्षी डुप्लेक्स सोनोग्राफी करावी.

२. गुठळी रोखणारी औषधे शल्यचिकित्सकास विचारल्याशिवाय थांबवू नयेत.

३. पाऊल अचानक थंड, फिकट किंवा बधिर झाल्यास त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर, रुग्णास रक्तवाहिनीतज्ज्ञाकडे पाठवावे.

नवजात अर्भकाच्या जांघेतील नाडी पाहण्याची सवय आम्हा बालरोगतज्ज्ञांना महाधमनीच्या संकोचामुळे लागलेली असते. त्याच बोटांनी पावलातील नाडीही पाहावी. प्रौढांच्या तपासणीतही ही सवय सर्वांनी जपावी, कारण त्यातून एखाद्याचा पाय वाचू शकतो.