घरच्या हजेरीची वही

बापू, पुण्याची नोकरी सोडून सेंद्रिय हळद करायला आलास, बरं केलंस. पण सगळं रान एकदम फिरवू नको. 1 एकर घे, तेही शेजाऱ्याच्या बांधापासून आत. त्याचा फवारा वाऱ्यावर येऊन आपल्या पाल्यावर बसतो आणि भांडूनही उपयोग नसतो.

जीवामृताचं माप ध्यानात ठेव. 200 लिटर पाणी, 10 किलो ताजं शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. टाकी सावलीत, तोंडावर गोणपाट. सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळ. दोन दिवसांत फेस येतो; ताकासारखा आंबूस वास सुटला की जमलं म्हणायचं. आठवड्याच्या आत संपव. ठिबकातून सोडायचं तर जुन्या लुगड्यातून दोनदा गाळ. मी एकदा कंटाळा केला आणि अख्खा दिवस सरीत बसून पिनेनं ड्रिपर मोकळे करत होतो.

कंदमाशीसाठी 200 ग्रॅम एरंडीची भरड पसरट मडक्यात दीड लिटर पाण्यात भिजवून शेतात ठेव. दहा-पंधरा दिवसांत अशी घाण सुटते की आपण नाक धरतो, माशी मात्र तिकडं धावते. गड्ड्यांना माती लावायची भरणी चुकवू नको. उघड्या पडलेल्या गड्ड्यावरच ती अंडी घालते.

या शेतीला लोक बिनखर्चाची म्हणतात, ते मला कधी पटलं नाही. गाय काय वाऱ्यावर जगते? तिचा कडबा, पेंड, तुझ्या काकूनं वेचलेल्या निंबोळ्या, तणनाशक टाळलं म्हणून वाढलेल्या खुरपण्या, सगळं वहीत लिही. घरच्या माणसाची हजेरीसुद्धा बाहेरच्या मजुराच्या दरानं मांड. आम्ही ती कधी मांडली नाही, म्हणून वर्षानुवर्षं नफा झाला असं वाटत राहिलं.

हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हळकुंडाची लांबी आणि कडकपणा बघतात. जीवामृत घातलं का, कोण विचारतो? तिथं आपली हळद इतरांच्याच भावात जाते. भाव पाहिजे तर गिऱ्हाईक स्वतः जोडावं लागतं, आणि त्याला कागद लागतो. पीजीएस या सेंद्रिय प्रमाणपत्राच्या गटाला किमान 5 शेतकरी हवेत, शिवाय बदलाची 2 वर्षं. तेवढ्या काळात उतारा घटतो आणि भावही वाढत नाही. घरी तशी तयारी ठेव.

पुण्याची ताई फोनवर म्हणेल, हळद एवढी महाग कशी? रागावू नको. 1 किलो सुक्या हळदीला 4 ते 5 किलो ओली लागते, वर शिजवणी, वाळवणी, पॉलिश. हे सांग आणि वहीचं पान फोटो काढून पाठव.

टाकी पुढच्या बाजाराला आणू. वही आजच घे, 200 पानी.